पथ्याची अंमलबजावणी

दवाखान्यातून मिळालेला कागद बाबारावांनी नागपूर ते महागाव या प्रवासात चौदा वेळा वाचला, आणि घराचं कुलूप उघडेपर्यंत त्यांचा पुरता गोंधळ उडालेला होता. कागद एकच, पाठपोट छापलेला. वर मथळा : 'केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांसाठी आहारविषयक सूचना.' खाली बारा कलमं. आता पंचायत समितीत पस्तीस वर्षं कागद वाचण्यात ज्याच्या डोक्यावरचे केस गेले, त्याला बारा कलमांचं काय एवढं, असं कोणालाही वाटेल. पण कागद वाचणं वेगळं आणि कागदाबरहुकूम वरण शिजवणं वेगळं.

तुळसाबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, तिसरा डोस नुकताच झाला होता. वजन पन्नासावरून पंचेचाळीसवर आलेलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून स्पष्ट सांगितलं होतं, "चौथा डोस तीन आठवड्यांनी. पण वजन याच्या खाली गेलं आणि रक्तातल्या पेशी कमी आल्या, तर डोस पुढं ढकलावा लागेल. औषधानं तोंडाची चव जाते, सगळं मातीसारखं लागतं. तरी काहीही करून खाऊ घाला त्यांना."

पुढं ढकलणं म्हणजे काय, हे त्या अख्ख्या दवाखान्यात बाबारावांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी स्वतः पुढं ढकललेल्या काही फायली अजून कोणाला परत दिसलेल्या नाहीत. तुळसाबाईंशिवाय घर कसं असतं याचा विचार त्यांना करता येत नव्हता आणि करायचाही नव्हता. म्हणून ते कागद वाचत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आणि तोंडाला मास्क लावून बाबाराव स्वयंपाकघरात रुजू झाले. तुळसाबाईंना फोडणीचा वास आला तरी मळमळायचं, उभं राहिलं की पाय लटपटायचे, त्यामुळं दुसरा इलाजच नव्हता. मुलगा संघदीप पुण्याला नोकरीत अडकलेला.

"तुमाले गॅस तरी पेटवता येते काय?" तुळसाबाईंनी पलंगावरून विचारलं.

"त्यात न येण्यासारखं काय हाये?"

"मंग लायटर कुठी असते सांगा बरं."

बाबाराव एकेक फडताळ उघडून पाहू लागले. माहिती हाताशी नसताना उत्तर द्यायचं नाही, हे त्यांचं नोकरीतलं जुनं धोरण होतं.

अडचण पहिल्या कलमापासूनच सुरू झाली. 'अन्न ताजे व पूर्ण शिजवलेले असावे.' ठीक. पण पूर्ण म्हणजे किती? कागदात शिट्ट्यांचा आकडा दिलेला नव्हता. संशयाला जागा नको म्हणून बाबारावांनी आठ शिट्ट्या ठरवल्या. आठ शिट्ट्यांनंतर तांदूळ, तुरीची डाळ आणि दुधी या तिघांना वेगवेगळं ओळखणं त्यांना पिकवणाऱ्यालाही जमलं नसतं. चौथं कलम, 'फळे स्वच्छ धुऊन, साल काढून द्यावीत.' केळं सोपं गेलं. द्राक्षांना चाळीस मिनिटं लागली. शेवटचं द्राक्ष सोलून होईस्तोवर पहिलं सुकून गेलं, मग आता ते ताजं समजावं की शिळं, हा नवाच प्रश्न. संत्र्याची साल काढली तर आत आणखी एक पातळ साल, ती काढली तर हातात नुसता रस. शेवटी त्यांनी संत्रं कुकरमध्ये वाफवलं. संत्र्यांच्या या मुलखात असा उद्योग आजवर कोणी केला नसावा. अकरावं कलम होतं, 'रुग्णाच्या आवडीनिवडीचा विचार करावा.' त्याचा अर्थ मात्र त्यांना लगेच लागला. 'विचार करावा' म्हणजे करायलाच पाहिजे असं नाही. असे पुष्कळ विचार त्यांनी कपाटात आरामात झोपवले होते.

तुळसाबाईंनी पहिला घास घेतला, थोडा वेळ तोंडात फिरवला आणि डोळे मिटून गिळला.

"कसं झालं?" बाबाराव समोर उभे होते.

"माती लागून राह्यली."

"डॉक्टरीणबाईनं सांगतलंच व्हतं. औषधाचा परिणाम हाय तो," बाबाराव म्हणाले, आणि त्यांना बरंच वाटलं. निदान एक गोष्ट तरी कागदाप्रमाणं चालली होती.

आता महागावात एखादं माणूस आजारी पडलं, की त्याला गोळ्या कमी आणि सल्ले जास्त मिळतात. त्यात पैसा लागत नाही आणि सल्ला देणाऱ्याचं कधी काही बिघडत नाही.

सगळ्यात आधी शेजारच्या लीलाबाई आल्या. लीलाबाईंनी सत्तावीस वर्षं अंगणवाडी चालवलेली. पोषण या विषयावर त्यांच्यापुढं बोलायची कोणाची टाप नव्हती. "साखर बंद करा भाऊ! गूळ बंद, गोड बंद. हा रोग गोडावरच पोसते," त्यांनी फर्मावलं. बाबारावांनी साखरेचा डबा माळ्यावर टाकला. संध्याकाळी मागच्या घरातला राजकुमार आला. तो औषधाच्या दुकानात कामाला, म्हणून गल्लीत त्याला अर्धा डॉक्टर समजत. "मीठ देऊन राह्यले काय काका? अजिबात देऊ नका. मिठानं पाय सुजते." मीठ गेलं. समोरच्या घरातली हरिसिंगची बायको सुखीबाई, तिचं शेत आणि बंजारा तांडा फुलसावंगीकडं, पण पोरांच्या शाळेपायी इथं येऊन राहिलेली. ती म्हणाली, "तेलाची धार नको, फोडणी नको, तिखट तं पाहूच नको भाऊ. कोठा जळते." तेल, फोडणी, तिखट गेलं. ढाणकीहून दूरचे एक पाहुणे मुद्दाम गाडी करून आले आणि पपईच्या पानांची ही मोठी पेंढी ओट्यावर टाकून चहा पिऊन गेले. संघदीपनं पुण्याहून तीन व्हिडिओ पाठवले. पहिल्यात प्रत्येक पदार्थात हळद आणि मिरे घाला असं होतं, दुसऱ्यात सोयाबीनच्या पिठाशिवाय तरणोपाय नाही असं, आणि तिसऱ्यात पहिले दोन ऐकू नका असं सांगितलं होतं.

बाबारावांना काही कळेना. त्यांनी वहीत तेवीस शंका काढल्या आणि दवाखान्यात फोन लावला. तिथं आधी फाईल नंबर मागितला. तो दिला तर म्हणाले, आहाराचं इथं नाही, दुसरा नंबर घ्या. दुसऱ्या नंबरवर एक बाई बोलल्या, आहाराचं गुरुवारी. गुरुवारी पाऊण तास नुसती सनई वाजत राहिली. शेवटी दीड वाजता एकदाच्या आहारतज्ज्ञ साधना मॅडम सापडल्या. आवाजावरून पोरगी पंचविशीतली असावी.

"काका, पानांचा रस, काढे, चूर्ण यातलं काहीच देऊ नका, ते औषधाच्या आड येऊ शकतं," ती म्हणाली. "बाकी साखर, मीठ, फोडणी नेहमीसारखं चालेल. ताजं, गरम आणि त्यांना आवडेल ते द्या. तोंड आलं असेल तर तिखट कमी."

"बरं. पण हे लेखी भेटन काय?"

"लेखी?"

"म्हंजे, मीठ चालेल असं. कागदावर मिठाचा उल्लेख नाही."

"मिठाचा कशाला उल्लेख पाहिजे, काका? जेवणात मीठ असतंच ना!"

"तेच तं मी म्हणून राह्यलो. तसं नमूद करून द्या."

फोन कट झाला. तिकडून झाला की लाइन गेली, हे शेवटपर्यंत कळलं नाही. आता पाहा, मनाई तोंडी चालते, परवानगी मात्र लेखी लागते, हे तर शिपायालासुद्धा ठाऊक असतं. म्हणून पपईची पानं त्याच दिवशी उकिरड्यावर गेली, आणि मीठ मात्र लेखी आदेशाअभावी बंदच राहिलं. कोण बरोबर आणि कोण चूक हे ठरत नसेल, तर सगळ्यांचंच ऐकावं म्हणजे कोणाचा ठपका येत नाही, असा मध्यममार्ग बाबारावांनी काढला. त्यामुळं तुळसाबाईंच्या ताटात जे पडू लागलं त्यात मीठ नव्हतं, साखर नव्हती, तेल नव्हतं, तिखट नव्हतं, आणि हळद, मिरे आणि सोयाबीनचं पीठ भरपूर होतं. चहासुद्धा गेला, त्याच्या जागी कोमट हळदपाणी आलं. दिवसातून सहा वेळा. आठ शिट्ट्या.

तुळसाबाई दोन घास खात आणि ताट सरकवत. "माती," एवढंच म्हणत. बाबाराव नुसते हलकेच मान डोलवत.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण आजाऱ्याला भेटायला जाताना कोणी रिकाम्या हातानं जात नाही. सातवं कलम ठणठणीत होतं, 'शिळे व बाहेरचे अन्न देऊ नये.' म्हणून बाबारावांनी दारावर सुवाच्य अक्षरात पाटी लावली : 'रुग्णास बाहेरील खाद्यपदार्थ देऊ नयेत.' येणारा प्रत्येक जण ती पाटी मनापासून वाचे, 'बरं केलं, लोकाईले समजतच नाही' असं म्हणे आणि पिशवीतून डबा काढून पुढं करे. पाटी बाकीच्यांसाठी आहे याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती.

डबा परत पाठवावा, तर माणूस दुखावतं. अन्न फेकावं, तर बाबारावांचा हात धजत नव्हता. आणि रिकामा डबा परत करू नये, हे कोणत्याही कागदावर लिहिलेलं नसताना अख्ख्या गावाला पाठ. पहिला डबा लीलाबाईंचा. शेवया काढून घेतल्या आणि रीतीप्रमाणं त्यात मूठभर साखर घालून डबा परत केला. पाच मिनिटांत लीलाबाई दारात. "म्हंजे घरात साखर हायेच अजून! म्या सांगतलं त्याचं काय केलं मंग तुमी?" त्या दिवसापासून डब्यात साखर घालायची सोय उरली नाही. मग घालायचं काय? तेव्हा बाबारावांच्या डोक्यात एक कल्पना आली. ती आली नसती तर हा सगळा किस्साच घडला नसता. त्यांनी ठरवलं, एकाच्या डब्यातलं दुसऱ्याच्या डब्यात घालायचं. अन्न वाया जात नाही, डबा रिकामा जात नाही, आणि पेशंटच्या तोंडी बाहेरचा कणही लागत नाही. आपल्या कल्पकतेचं त्यांना इतकं कौतुक वाटलं, की कधी नव्हे ते ते गुणगुणत भांडी घासू लागले.

डब्यांवर नावं कोरलेली होती, त्यामुळं डबा कोणाचा याचा घोळ व्हायचं कारण नव्हतं. आतला माल कोणाचा, हे मात्र कोणी कोरत नाही.

दहाव्या दिवशी त्यांनी तुळसाबाईंना ओळखीच्या अडत्याच्या दुकानात नेलं. घरी काटा नव्हता, आणि गावात भरवशाचा काटा म्हणावा तर सोयाबीन मोजायचा तोच. सकाळी दुकान उघडायच्या आत, मोठ्या संकोचानं, त्यांनी तुळसाबाईंना काट्याच्या पत्र्यावर उभं केलं. डोक्याला रुमाल, अंगावर शाल, डोळे खोल गेलेले.

"एवढं मोजून राह्यले तं ओलावाबी मोजून घ्या," तुळसाबाई अडत्याला म्हणाल्या. "मंगच भाव लावा."

अडत्या हसला. बाबाराव हसले नाहीत. काट्यावर चव्वेचाळीसचा आकडा आला होता. एक किलो उतरलं. घरी येताना त्यांनी तुळसाबाईंचा हात घट्ट धरून ठेवला होता आणि त्यांना एकच कळत नव्हतं : कागदातलं एकही कलम मोडलं नाही, मग चुकलं कुठं? त्या दिवसापासून त्यांनी शिट्ट्या दहा केल्या.

तेराव्या दिवशी दुपारी सुखीबाई आली. हातात तिचाच डबा, झाकण उघडं.

"भाऊ, हे लाडू कोनं केले?"

बाबारावांनी आत पाहिलं. लाडू होते. लाडू हा लाडू असतो, यापलीकडं त्यांचं त्या विषयात काही मत नव्हतं. "ममतानं आणले व्हते परवा. चांगले दिसले म्हणून तुमच्या डब्यात घातले."

ममता म्हणजे राजकुमारची बायको. सुखीबाईनं मागच्या भिंतीकडं तोंड करून अशी हाक मारली की ममता हात पुसतच धावत आली. तिच्यामागं, हाक कशाची म्हणून, लीलाबाईही आल्या.

"ममते, हे लाडू तुवं केले काय?"

"हो म्हंजे... काकूसाठी मुद्दाम..." ममतानं डब्यात पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं. "खरं सांगू काय, मले लीलाबाईनं देल्ले व्हते. घरात काही नव्हतं, अन् काकूले पाहाले रिकाम्या हातानं कसं यावं?"

"मले साखरेची बिमारी, म्या लाडू कायले खाऊ? म्हणून हिले देल्ले," लीलाबाई ताडकन म्हणाल्या. "पण मले तं बाबारावभाऊनं देल्ले व्हते! माह्या डब्यात घालून!"

तिन्ही माना एकदम बाबारावांकडं वळल्या. उभ्या नोकरीत त्यांना एकाच वेळी तीन कारणे दाखवा नोटिसा कधी मिळाल्या नव्हत्या.

"आनि तुमाले कोनं देल्ले, भाऊ?" सुखीबाई म्हणाली. "मी सांगतो ना. म्या देल्ले! नऊ दिवस झाले. हे पाहा, वर आंगठ्यानं गोडंबी दाबली हाये, अशी या गल्लीत दुसरं कोनीच दाबत नाही. याडी ये, माय वं! आमच्या यानं एक चावला, तं दाढ हालली त्याची!"

ममताला हसू फुटलं, तिनं पदर तोंडाशी धरला. पण सुखीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"गोडंबीसाठी बिबे फोडू फोडू माहे हात फोडानं उतले, भाऊ. हे पाहा. कायच्यासाठी? तुळसाबाईच्या पोटात दोन घास जावा म्हणून. अन् तिले एक बी नाही भेटला?"

बाबारावांनी खिशातून कागद काढला. सातवं कलम दाखवायचं म्हणून तो उघडला खरा, पण अक्षरं दिसेनात. "बाहेरचं चालत नाही म्हणते," ते म्हणाले. "शिळं चालत नाही. गोड नको, मीठ नको, तेल नको. तुमीच सांगतलं ना सगळ्याईनं? मी सगळ्याईचं ऐकून राह्यलो. तरी वजन उतरते. डोस पुढं ढकलला, तं मी काय करू? कोनाले विचारू?" त्यांचा आवाज फुटला. मास्कमुळं चेहरा अर्धाच दिसत होता, ते एक बरं झालं.

तिघी एकमेकींच्या तोंडाकडं पाहू लागल्या. आपण सांगितलेलं कोणी खरंच करतं, याची तिघींनाही सवय नव्हती.

तेवढ्यात आतल्या दाराशी आवाज झाला. तुळसाबाई चौकटीला धरून उभ्या होत्या आणि हसत होत्या. हसता हसता त्यांना धाप लागली, ममतानं धावत जाऊन खुर्ची दिली.

"तरीच म्हणलं," त्या म्हणाल्या, "रोज डबे येऊन राह्यले, रोज डबे जाऊन राह्यले, अन् घरात कोनी खातानाच दिसत नाही!"

सुखीबाईनं त्यांना आपादमस्तक पाहिलं. तिचा राग मावळला. "जेवली काय वं?"

तुळसाबाईंनी स्टुलाकडं बोट दाखवलं. दुपारचं ताट तसंच होतं. "नाही जात. औषधानं तोंडाची माती झाली. अन् खरं सांगू काय? एकटीले नाही जात. हे समोर उभे राह्यते, परीक्षेतल्या सायबावानी. घास गिळला का नाही तेवढं पाहते. अडतीस वर्षं संग जेवलो, आता हे कवा जेवते, काय जेवते, मले माहीतबी नाही."

खरं म्हणजे बाबाराव स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कोणाचा तरी चिवडा खाऊन वेळ मारून नेत होते. ते इथं सांगण्यात अर्थ नव्हता.

"भाऊ, खाली बसा," लीलाबाईंनी अंगणवाडीतल्या आवाजात हुकूम सोडला. "ताट घ्या. तिच्यासंग जेवा. आत्ता."

"पण कागदात..."

"कागद द्या इकडं." लीलाबाईंनी कागद काढून घेतला.

कुकरमधलं गरम काढून बाबारावांनी दोन ताटल्या भरल्या, खाली बसून मास्क हनुवटीखाली घेतला आणि मोठा घास तोंडात घातला.

आता एक गोष्ट सांगायची राहूनच गेली. इतक्या दिवसांत, दिवसातून सहा वेळा रांधून, बाबारावांनी आपल्या हातचं एकदाही चाखलेलं नव्हतं. उष्टा चमचा भांड्याला लागू नये असं एक तेरावं कलम त्यांनी आपल्या मनानंच वाढवलं होतं, आणि ते कसोशीनं पाळलं होतं.

घास तोंडात गेला आणि बाबाराव थांबले. त्यांनी तो डाव्या गालात घेऊन पाहिला, उजव्या गालात घेऊन पाहिला. गिळता येईना, आणि चार बायांसमोर थुंकताही येईना. डोळ्यांत पाणी आलं. शेवटी मान मागं टाकून, तांब्याभर पाण्याबरोबर त्यांनी तो घशाखाली उतरवला.

तुळसाबाई टक लावून त्यांच्याकडं पाहत होत्या. "काय झालं?"

"काही नाही."

"खरं सांगा. तुमालेबी माती लागली काय?"

बाबारावांनी मान खाली घातली. "माती बरी," ते पुटपुटले.

सुखीबाईनं दुसऱ्या चमच्यानं कुकरमधलं बोटभर घेऊन जिभेला लावलं, 'याडी ये' म्हणत ती अंगणात पळाली आणि तिथून बराच वेळ चुळा भरल्याचा आवाज येत राहिला.

"म्हंजे..." तुळसाबाईंचा आवाज थरथरला. "म्हंजे माही जीभ शाबूत हाये?" त्यांनी ममताचा हात धरला. "माय वं! मले वाटलं, चव गेली ते गेलीच. आता जलमभर असंच, मरेपर्यंत माती. कोनाले सांगू? रातरात तेच डोक्यात. अन् हे..." त्यांना पुढं बोलता येईना. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि कोणत्या गोष्टीला आवर घालावा हे कोणालाच समजत नव्हतं.

"मले वाटलं, औषधाचा परिणाम," बाबाराव कसेबसे म्हणाले.

"मलेबी तेच वाटलं ना!"

मग लीलाबाईंनी तो कागद पहिल्यांदाच नीट वाचला. वाचून झाल्यावर, साखरेबद्दल यात काहीच नाही, असं त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या. ममतानं बाबारावांच्या फोनवरून साधना मॅडमचा नंबर लावला, आणि या खेपेला तो लगेच लागला. मॅडम तेच म्हणाल्या जे आधी म्हणाल्या होत्या. लेखी कोणी मागितलं नाही. सुखीबाईनं साबणानं कोपरापर्यंत दोनदा हात धुतले आणि तुळसाबाईंच्या गॅसवर, तुळसाबाईंच्या भांड्यात ज्वारीच्या मऊ कण्या आणि मुगाचं पातळ वरण चढवलं. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसून तुळसाबाई हुकूम सोडत होत्या. "लसूण ठेचून टाक. जिरं जाळू नको. मीठ घाल, अजून घाल, भेऊ नको." फोडणीचा वास आला तेव्हा त्यांनी नाकाला पदर लावला, पण उठल्या नाहीत.

दोन ताटं झाली. तुळसाबाईंनी पहिला घास घेतला. सगळ्यांनी श्वास रोखला.

"कसं लागते?" बाबारावांनी विचारलं. ते समोर नाही, शेजारी बसले होते.

तुळसाबाईंनी सावकाश गिळलं. "थोडी माती हाये अजून. पण थोडीच. अर्धी औषधाची व्हती," त्या म्हणाल्या, "अर्धी तुमची."

त्या दिवशी त्यांनी अख्खी वाटी संपवली आणि वर अर्धं उकडलेलं अंडं मीठ लावून खाल्लं. दुसऱ्या दिवसापासून डबे बंद झाले. ज्याला काही खाऊ घालायचं आहे त्यानं इथं यावं, हात धुवावेत, सर्दी-खोकला असेल तर आपल्या घरी बसावं, आणि तुळसाबाईंनी सांगितलं तेच रांधावं, असा नियम झाला. तो कागदावर नव्हता, तरी सगळ्यांनी पाळला. बाबारावांची भांड्यांच्या टेबलावर बदली झाली. मानी माणसाला हे लागायचंच. दोन दिवस ते राजकुमारशी बोलले नाहीत, कारण त्यानं दुकानात हा किस्सा सांगितला आणि गिऱ्हाइकं डोकेदुखीची गोळी घेता घेता हसली. पण जेवायला मात्र ते वेळेवर, सहाच्या सहा वेळा, तुळसाबाईंच्या शेजारी बसत. थोडं थोडं. त्यात त्यांचंच वजन दोन किलोनं वाढलं, पण ते कोणी विचारत नव्हतं.

तीन आठवडे पुरे झाले त्या दिवशी पहाटेच निघून ती दोघं नागपूरला पोचली. रक्त घेतलं. दीड तास बाकावर. कोणाच्याही नावाचा पुकारा झाला की बाबाराव उठून उभे राहत, आणि तुळसाबाई त्यांचा सदरा ओढून त्यांना खाली बसवत. मग वजन. नर्सनं आकडा लिहिला तो बाबारावांना काचेतून उलटा दिसला, आणि उलट्या आकड्यात काय समजणार? डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, वजनाचा आकडा पाहिला, तुळसाबाईंच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली.

"पंचेचाळीस किलो शंभर ग्रॅम," त्या म्हणाल्या. "पेशीही ठीक आहेत. छान. काय खाऊ घातलं?"

बाबारावांनी खिशातली वही काढली आणि परत ठेवली. उत्तर फार लांब होतं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी खरडून सही केली. बाबाराव त्या सहीकडं पाहत राहिले. "म्हंजे... मंजूर?"

"मंजूर," त्या हसून म्हणाल्या. "आजच देऊ डोस."

नर्सनं तुळसाबाईंना आतल्या खुर्चीवर बसवलं, हाताला रबरी पट्टी आवळली आणि शीर शोधू लागली. बाबाराव दारातच उभे होते. ज्या माणसानं साहेबाच्या बोलण्यावर, बदलीवर, निवृत्तीच्या निरोप समारंभातसुद्धा डोळ्याला रुमाल लावला नव्हता, तो माणूस त्या भरल्या दवाखान्यात, कोणाचीही भीडभाड न ठेवता, हुंदके देऊन रडू लागला. दोन-तीन पेशंट माना वळवून बघू लागले. एका नर्सनं पाण्याचा ग्लास आणला.

तुळसाबाईंनी आतून मान वर केली.

"अवो," त्या म्हणाल्या, "सुई मले टोचून राह्यले, अन् रडता तुमी काहून?"